कर्णबधिर समाज आणि उपचार (नांदेड-लातूर)

खुणांच्या भाषेने बांधल्या गेलेल्या कर्णबधिरांची सामाजिक ओळख, आणि श्रवणदोषावरील उपचारांकडे ते व त्यांची कुटुंबे कसे पाहतात, हा या नोंदीचा विषय.

कर्णबधिर मूल बहुधा ऐकणाऱ्या घरात जन्मते. आपल्यासारखी माणसे त्याला भेटतात ती निवासी शाळेच्या वसतिगृहात. वर्गात ओठ वाचून बोलायला शिकवण्याचा आग्रह फार काळ राहिला. बधिरांच्या शिक्षणात खुणा बाद ठरवणाऱ्या १८८०च्या मिलान परिषदेच्या ठरावाचा तो दूरचा परिणाम. मुलांची भाषा वर्गाबाहेर वाढली. तिथेच नव्या मुलाला खुणेचे नाव मिळते : कुणाच्या भुवईवरची खोक, कुणाचे कुरळे केस. हे नाव जन्मभर चालते. आधार कार्डावरचे नाव मित्रांना ठाऊक असेलच असे नाही. २०१५मध्ये पाकिस्तानातून परतलेल्या कर्णबधिर गीताचा घरशोध तिने खुणांनी सांगितलेल्या नदी, देऊळ, रेल्वे स्टेशन यांवरून मराठवाड्यापर्यंत पोहोचला, तो याच भाषेच्या जोरावर.

उपचाराचा निर्णय आईबाप घेतात, तोही उशिरा. ‘त्याचा बापही उशिराच बोलायला लागला’ या आजीच्या एका वाक्यावर तपासणीचे वर्ष निघून जाते. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्रासाठी) ७ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, पण जन्मतः बहिऱ्या मुलाचे वय ५ वर्षांच्या आत हवे. ऑपरेशननंतर वाचा-उपचार वर्षानुवर्षे चालतात; शिवाय प्रोसेसरची बॅटरी, वायर, दुरुस्ती. सोयाबीनच्या भावावर चालणाऱ्या घरात हे यंत्र बिघडले की कपाटात जाऊन पडते.

मुलांवरील इम्प्लांटला अमेरिकेतील राष्ट्रीय बधिर संघटनेने १९९१मध्ये जाहीर विरोध केला आणि २०००मध्ये तो सौम्य केला. इथे तसा वाद पेटलेला दिसत नाही. फुटलेल्या, वाहत्या कानावरच्या शस्त्रक्रियेला तर कुणाचीच हरकत नसते. राग येतो तो ‘मशीन बसवली, आता हातवारे बंद’ या सल्ल्याचा, आणि तो रास्त आहे : मशीन चालली नाही तर मुलाच्या हाती एकही भाषा उरत नाही.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची इथली चाल आनुवंशिक बहिरेपणात भर घालते, पण त्याबद्दलचे समुपदेशन पहिले बहिरे मूल झाल्यावरच घरापर्यंत येते.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांनी ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती ‘बधिर’ ठरते. सरकारी नोकऱ्यांत श्रवणदोष असलेल्यांना १ टक्का आरक्षण आहे. त्यामुळे अनेक प्रौढ कानाच्या तपासणीला येतात ते उपचारासाठी नव्हे, दाखल्यासाठी.