एका वर्षाच्या मुदतीचं राज्य

शनिवारवाड्यावर युनियन जॅक कोणी चढवला, हा पुण्यातल्या गप्पांमधला हमखास विषय. बाळाजीपंत नातूंचं नाव निघतं, मग फितुरीवर चर्चा होते, मग दुसऱ्या बाजीरावाच्या पळपुटेपणावर दोन विनोद होतात आणि चहा संपतो. शाळेत मीही पेशवाईचा शेवट असाच शिकलो. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७, वाड्यावर निशाण १७ नोव्हेंबर, शरणागती ३ जून १८१८. तारखा पाठ होत्या, पण एक साधा प्रश्न कधी पडला नव्हता. हे सात महिने पेशवा स्वतःच्याच मुलखातून पळत होता. मग त्या मुलखातली रयत त्याच्यासाठी का उठली नाही?

याचं उत्तर मला एका जाहीरनाम्यात सापडलं. साताऱ्याचा किल्ला हाती येताच, ११ फेब्रुवारी १८१८ रोजी, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने तो काढला. बाजीरावाचं राज्य संपलं, वतनं, इनामं, वर्षासनं आणि देवस्थानं सुरक्षित राहतील, असं त्यात आहे. त्यातच एक छोटं वाक्य येतं, की इजाऱ्याची पद्धत रद्द. यापुढे वसुली ठरलेली आणि बेताची असेल, काळ पाहून सूटही मिळेल. नवा मालक लोकांना काय देऊ करतो, यावरून जुन्याने त्यांचं काय हिरावलं होतं ते कळतं.

इजारा म्हणजे वसुलीचा मक्ता. तो समजायला आधीची व्यवस्था बघावी लागते. थोरल्या माधवरावांच्या आणि नाना फडणवीसांच्या काळात जिल्ह्यावर मामलतदार नेमला जाई. तो सरकारला काही रक्कम आगाऊ भरे, तिला रसद म्हणत. त्याच्याभोवती मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार असे दरकदार असत. त्यांची पदं वंशपरंपरागत असल्यामुळे मामलतदार त्यांना काढू शकत नसे. गावचा पाटील मामलतदाराच्या जुलमाला आडवा येई आणि पाटलाच्या जुलमाची तक्रार मामलतदाराकडे जाई. शेवटी सगळे हिशोब पुण्याच्या हुजूर दफ्तरात तपासले जात.

ही व्यवस्था काही निर्मळ नव्हती. जिल्ह्याच्या खर्चात ‘दरबारखर्च’ किंवा ‘अंतस्थ’ नावाची एक रक्कम असे. म्हणजे वरच्यांना आणि हिशोब तपासणाऱ्यांना चारायचे पैसे. हळूहळू ही लाच इतकी रुळली की तिची रीतसर खातेनोंद झाली आणि बाकी खर्चासारखीच तपासणीही होऊ लागली. आता लाच फी झाली, म्हणून वेगळी लाच द्यावी लागली आणि तीही रयतेकडूनच वसूल झाली. हे वाचून आधी मला हसू आलं, मग फारसं आलं नाही.

तरीही, लबाडीला इथे काही मर्यादा होती. मामलतदाराला पुढच्या वर्षी त्याच गावात जायचं असे. शेतकरी बैल विकून परागंदा झाला तर तोटा त्याचाही होता.

१७९६ च्या डिसेंबरात बाजीराव गादीवर आला तो कर्जाच्या आश्वासनांवर. दौलतराव शिंद्यांना मदतीबद्दल दोन कोटी रुपये कबूल केलेले होते आणि खजिन्यात ते नव्हते. १७९८ मध्ये दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी पुण्यातल्या सावकार-सरदारांना यातना देऊन पैसे काढले, तेही पेशव्याच्या संमतीने. राजधानीच राजाच्या कर्जापोटी लुटली गेली. १८०० मध्ये नाना गेले. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशव्याच्या आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने वसईला इंग्रजांशी तह केला.

या तहाकडे आपण स्वातंत्र्य गेलं म्हणून बघतो आणि ते खरंच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट गेली. सहा हजार पायदळाची कंपनीची तैनाती फौज आता पेशव्याला सांभाळणार होती आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला होता. गादीला बाहेरच्यांचा धोका उरला नाही, आतल्यांचाही नाही. ज्या राजाला सरदारांची, शिलेदारांची, शेवटी शेतकऱ्याची गरज असते, तो थोडा तरी जपून वागतो. बाजीरावाची ती गरजच संपली. तैनाती फौजेमुळे दुबळी आणि जुलमी राजवट टिकून राहते, हे खुद्द कंपनीच्या थॉमस मन्रोने १८१७ मध्ये लिहून ठेवलं आहे.

मग मामलतींचा लिलाव सुरू झाला. पेशव्याच्या भोवतालची माणसं बोली लावत. जो कचरे, त्याच्यावर कधी खप्पामर्जी होई. पुढच्या वर्षी पुन्हा लिलाव आणि बहुधा जास्त बोलीवाल्याला जिल्हा. हातात एकच वर्ष, म्हणून इजारदार चढ्या भावाने पोटइजारे देई, ते आणखी खाली देत आणि ही साखळी पाटलापर्यंत जाई. पाटलाने गाव घेतलं तर तोच सर्वेसर्वा, कारण वरचे तक्रार ऐकत नसत. त्याने नकार दिला तर इजारदाराची माणसं थेट गावात उतरत. पीक किती, जमीन किती, हे कोणी विचारत नसे. कोणाकडून किती निघेल, तेवढंच बघत.

याच काळात हुजूर दफ्तराची आबाळ झाली. कारकुनांची व्यवस्था जवळजवळ मोडली आणि लोकांनी कागद घरी नेले तरी अडवणारं कोणी नव्हतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सिस्टीम बंद पडली तर आम्ही आधी लॉग बघतो. लॉग लिहिणंच कोणी थांबवलं असेल, तर बिघाड त्या दिवसाच्या खूप आधी सुरू झालेला असतो. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे मोडीतले रुमाल आजही आहेत. बाजीरावाच्या वर्षांचे कागद त्यात फार तुटपुंजे आहेत, आणि हा तुटपुंजेपणाच मला त्या कारभाराचा सर्वात बोलका कागद वाटतो.

यातलं बरंचसं आपल्याला एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालातून कळतं आणि तो जिंकलेल्या बाजूचा माणूस होता, हे विसरायचं नाही. पण त्याच अहवालात तो जुन्या ग्रामव्यवस्थेचं आणि पंचायतींचं कौतुकही करतो. शिवाय कंपनीने इजारा रद्द केला म्हणून रयत सुटली नाही. प्रिंगलने १८२० च्या दशकात केलेली आकारणी इतकी जड निघाली की ती सोडून द्यावी लागली. १८३६ मध्ये इंदापुरापासून नवी पाहणी लागू झाली, तेव्हा कुठे सारा ३० वर्षांसाठी ठरला.

बाजीराव मात्र कानपूरजवळ बिठूरला राहिला. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन, तेही तहहयात. १८५१ पर्यंत ते त्याला मिळत राहिलं. ज्याने आपल्या मामलतदाराला एका वर्षापलीकडचा भरवसा दिला नाही, त्याला स्वतःला ३३ वर्षांचा मिळाला.

पुढच्या वेळी नातूंचं नाव निघालं की मी इजाऱ्याचा विषय काढणार आहे. निशाण चढवायला एक माणूस पुरतो. ते खाली ओढायला कोणीच पुढे येऊ नये, यासाठी वर्षानुवर्षं लिलाव करावे लागतात.