टोकबोक्की आणि लाल भाकरी

इतिहास हा कॉमर्सवाल्यांचा प्रांत नव्हे, असं आमच्या शाखेतल्या एम. ए. झालेल्या शिपायाचं मत आहे. माझं मत निराळं. इतिहास म्हणजे जुनी खातेवही. कुणी कुणाकडून काय उचललं, फेडलं की नाही, आणि बुडीत रक्कम कुणाच्या नावावर टाकली, एवढं पाहता आलं की पुष्कळ झालं. त्याला पानिपतापर्यंत जायची गरज नाही. अमरावतीला गाडगे नगराकडे गेलं तरी चालतं.

तिथं कॉलेजच्या पोरापोरींची वर्दळ असते, आणि पूर्वी जिथं सायकली दुरुस्त व्हायच्या त्या गाळ्यात आता कोरियन खाणं मिळतं. पाच टेबलं, भिंतीवर गुळगुळीत गालांच्या गवयांची चित्रं (हे सगळे मुलगे आहेत, असं माझ्या मुलीनं मला दोनदा बजावलं), आणि पाण्याच्या पेल्यात दोन-दोन काड्या. मुलगी अमरावतीला शिकते, आई बहिणीकडे तिथंच असते, आणि मी अकोल्याहून महिन्यातून एक रविवार दोघींना भेटायला जातो. तर अशा एका रविवारी नातीनं आजीला तिथं नेलं, आणि बिल द्यायला मला.

‘टोकबोक्की’ नावाचा पदार्थ आला. तांदळाच्या पिठाच्या बोटभर लांब, पांढऱ्या कांड्या, लालभडक दाट रश्श्यात बुडालेल्या. चव आधी गोड, मग तिखट, आणि चावायला लागलं की कांडी दाताशी भांडते. किंमत 180 रुपये. एवढ्यात गिलावड्याच्या किती प्लेटी झाल्या असत्या, हा हिशेब मी तोंडी केला, धंद्याची सवय. आईनं काड्या बाजूला ठेवल्या, चमचा मागितला, एक कांडी खाल्ली आणि म्हणाली, “लाल तं मिलोवानी हाय. पर मऊ हाय.”

मिलोचं पुढं बघू. आधी कांडीचं.

नात आजीला सांगत होती की हे राजवाड्यातलं खाणं आहे. ते अर्धंच खरं. कोरियाच्या राजवाड्यात या कांड्या सोयाच्या रसात, मांसाबरोबर परतत, आणि त्या तिखट नव्हत्या. तिखट व्हायला आधी मिरची तर हवी! ती कोरियात पोचली सोळाव्या शतकाच्या अखेरीस, जपान्यांच्या स्वारीच्या काळात. आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणली तीही त्याच शतकात. म्हणजे ज्या तिखटाच्या जोरावर आम्ही वऱ्हाडी लोक पुण्या-मुंबईकडच्यांना हसतो, ते आमच्याकडेही उसनवारीचंच. मूळ धनी अमेरिका खंडातले. लाल रश्श्यातली टोकबोक्की सुरू झाली 1953 साली, सोल शहरातल्या सिंदांग-दोंग भागात. मा बोक-रिम नावाच्या बाईंच्या हातून कांडी चुकून चिनी काळ्या सॉसमध्ये पडली, ती बरी लागली, मग त्यांनी मिरचीची आंबवलेली चटणी घालून रस्त्यावर विकायला काढली, असं सांगतात. त्या चटणीत सोयाबीनही असतं. आमच्या वऱ्हाडात आज कपाशीच्या बरोबरीनं सोयाबीन उभं असतं, पण ते आम्ही पिकवतो, विकतो आणि भावावरून चिडतो. खाण्याचा विचार सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही.

1953 हे साल लक्षात ठेवा. तीन वर्षांचं युद्ध त्या जुलैत थांबलं होतं. युद्धकैद्यांवर देखरेख करायला भारतानं फौज पाठवली आणि तिचे सेनापती होते आपले मराठी मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा भारतावर इतका राग, की आमच्या शिपायांचा पाय आपल्या जमिनीला लागू द्यायला ते तयार नव्हते. अखेर आमची फौज इंचॉन बंदरातून हेलिकॉप्टरनं उचलून थेट दोन्ही सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावी लागली. ज्या देशानं आम्हाला जमिनीवर उतरू दिलं नाही, त्याची कांडी सायकलच्या दुकानात येऊन बसली आहे!

युद्धानंतर तिथं तांदळाचा खडखडाट. अमेरिकेची मदत आली ती गव्हाच्या पिठाच्या रूपात. मग सरकारच म्हणू लागलं, तांदूळ कमी खा, पीठ खा. 1960 आणि 70 च्या दशकांत शाळेत मास्तर मुलांचे डबे उघडून बघत, की भातात सातू मिसळले आहेत ना. बुधवारी आणि शनिवारी दुपारी हॉटेलांत भात मिळत नसे. गाड्यावरच्या कांड्याही गव्हाच्या पिठाच्या झाल्या, कारण तेच स्वस्त. अशा खाण्याच्या दुकानांना तिकडे ‘बुन्शिक’ म्हणतात. अर्थ सरळ आहे: पिठाचं खाणं. म्हणजे गाडगे नगरात माझी मुलगी जे ऐटीत खाते, ते मूळचं रेशनचं खाणं आहे.

आता आपल्या बाजूचं पान. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्री जेवू नका असं सांगितलं आणि हॉटेलं सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागली. (आमच्या घरी सोमवारचा उपास आधीपासूनच होता, शास्त्रीजींनी तो सरकारी केला, एवढंच.) अमेरिकेचा गहू तर 1956 च्या करारापासून बोटी भरभरून येत होता. पुढं 1972 चा दुष्काळ पडला. राज्यभर लोक खडी फोडायला गेले, कामावर सुकडी मिळाली आणि रेशनवर अमेरिकेतली लाल ज्वारी आली. तीच मिलो. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात.

आई तेव्हा सतरा वर्षांची. माहेर दर्यापूरकडचं. एवढ्या वर्षांत तिनं मिलोचं नाव घरात काढल्याचं मला आठवत नाही. त्या दुकानात, गुळगुळीत गवयांच्या देखत, ती नातीला सांगू लागली. “भाकरी थंडी झाली का चामड्यावानी होये. आमच्या बापाच्या वावरात ज्वारी कणसानं वाके, अन् त्या साली कडबाबी नाही. बाबा रेशनच्या रांगेत कधी उभे राह्यले नाहीत. मले पाठवत. अन् म्हनत, येताना मागच्या गल्लीनं ये.”

नातीनं विचारलं, “काऊन पण?”

“ज्वारी पिकवनाऱ्याच्या घरात इकतची ज्वारी! लोक काय म्हनतील?”

मला वाटतं, खातं इथंच वेगळं होतं. कोरियन माणसाला गव्हाचं पीठ परकं होतं, त्यामुळे त्यात अपमान कमी आणि नवलाई जास्त. त्यानं त्यावर तिखट ओतलं आणि गाडा लावला. वऱ्हाडात आलं ते आमचंच धान्य, पण हलक्या जातीचं, लाल, दुसऱ्याच्या दारचं. ज्याला चांगल्या भाकरीची पारख आहे त्याला वाईट भाकरीइतकी लाज कशाचीच वाटत नाही. म्हणून मिलोचा कुणी पदार्थ केला नाही, गाडा लावला नाही. पाऊस पडला, हायब्रीड ज्वारी पसरली आणि मिलो मागच्या गल्लीनं निघून गेली.

खात्री करावी म्हणून मी नोव्हेंबरात चौकशी केली. नोव्हेंबरात आमच्या अकोल्याच्या शाखेत पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवायला आलेला माणूस जुनं बोलायला तयारच असतो. एका निवृत्त गुरुजींना खिडकीतून विचारलं, “गुरुजी, मिलो खाल्ली होती का हो?” त्यांनी मागं वळून रांगेकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, “खाल्ली होती. पन आता कायले काढता?”

पण रांगेनं ऐकलं होतं. “आमीबी खाल्ली,” एक आजी म्हणाल्या. दुसऱ्या म्हणाल्या, उकळतं पाणी घेतल्याशिवाय भाकरी थापली जात नसे. तिसऱ्या म्हणाल्या, मूठभर उडदाचं पीठ टाकलं का जमे. “उडीद होते कोनाकडे?” चौथ्या. ठेचा लागे, ताक असलं तर कुस्करता येई, पोरं रडत, म्हातारे गिळत. दहा मिनिटं एकही दाखला सरकला नाही आणि पन्नास वर्षांची थकबाकी एकदम वसूल झाल्यासारखी खिडकीवर गर्दी झाली.

गलका ऐकून मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले. वय एकतीस, हुशार, पुण्याकडचे. काय चाललंय म्हणाले. मी सांगितलं, मिलोविषयी चाललंय.

“मिलो? म्हणजे ते दुधात घालायचं चॉकलेटचं पीठ ना?”

रांगेतल्या पहिल्या आजी अंगठ्याची शाई पदराला पुसत होत्या. त्यांनी साहेबांना खालून वर पाहून घेतलं.

“हो बाप्पा,” त्या म्हणाल्या. “थेच.”