रक्तातली शीव

आपण शीवमध्ये बसलो आहोत, तर आधी या नावाकडेच बघू. शीव म्हणजे हद्द. मुंबई इथे संपायची, पलीकडे साष्टी सुरू व्हायची. आज ती हद्द नावापुरती उरलीय. डीएनए चाचणीच्या निकालात 'इतके टक्के अमुक, इतके तमुक' असं येतं, तेव्हा आम्ही विचारतो, ही हद्द कोणी आखली?

कोकणातलंच उदाहरण घेऊ. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष नि सात स्त्रिया वाचल्या. आपण त्यांचे वंशज, असं बेने इस्रायल समाज सांगत आला. भाषा मराठी, आडनावं गावावरून, धंदा तेलाचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी मांडवीत सिनेगॉग बांधलं. पुढे हे लोक इस्रायलला गेले, आणि १९६० नंतर तिथे त्यांच्या लग्नांपाशी चौकशी सुरू झाली: तुमची आजी, पणजी यहुदी होती कशावरून? लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे १९६४ साली सरकारनं त्यांना निःसंदिग्ध मान्यता दिली.

२०१६ साली त्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. यहुदी वारसा निघाला, भारतीयही निघाला. मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं. यहुदी वाटा मुख्यतः पुरुषांकडून, भारतीय वाटा मुख्यतः स्त्रियांकडून आलेला.

आता यातून काय सिद्ध होतं? मिश्रणाचा काळ म्हणजे जहाज फुटल्याचा काळ नव्हे. माणसं आधी येऊन पुष्कळ नंतर मिसळू शकतात. आईकडून येणारा डीएनए आईच्या आईची एकच रेघ दाखवतो. दहा पिढ्या मागे गेलात तर पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. ती रेघ त्यातल्या एकीपाशी पोचते. आणि टक्के निघतात ते आजच्या माणसांशी तुलना करून. तुलनेचा संच बदलला की टक्के बदलतात. टक्क्यांना नाव नसतं, गाव नसतं.

म्हणून घरातला अज्ञात पूर्वज शोधायचा असेल, तर टक्क्यांवर थांबू नये. डीएनए जुळणारे चुलत-मावस नातेवाईक बघावेत, लग्नाच्या नोंदी काढाव्यात, आणि आजीचं माहेर विचारून घ्यावं, ती आहे तोवर.

बेने इस्रायलांच्या कथेत समुद्रापलीकडून आलेले पूर्वज आठवणीत राहिले. हरवल्या त्या इथल्या बाया. त्यांचं नाव कोणत्याही चाचणीत यायचं नाही. पण त्या होत्या, एवढं आता नाकारता येत नाही. पणजीचा पुरावा मागणाऱ्यांना आम्ही एवढंच विचारू: मुलांना शनिवार पाळायला शिकवणारी आई त्या कुळाची नव्हती, असं कोणत्या न्यायानं म्हणायचं?