कुत्रा, दिवे आणि दोन नावं

रेकॉर्डचं कव्हर तसं उशिरा जन्मलं. ७८ आरपीएमच्या जमान्यात तबकडीला असायची ती नुसती खाकी कागदाची पिशवी, मधोमध गोल भोक पाडलेली. त्या भोकातून लेबल वाचायचं आणि ही लावायची की पुढची, ते ठरवायचं. पिशवीवर गाणाऱ्याचं नाव नसे. तिथे कंपनीची किंवा दुकानदाराची जाहिरात, दुकानाचा पत्ता आणि दर रेकॉर्डला नवी सुई वापरा अशी ताकीद. पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात अशा पिशव्या अजून हाती लागतात. आतली रेकॉर्ड पुष्कळदा भलत्याच कंपनीची निघते, कारण कुठलीही दहा इंची तबकडी कुठल्याही पिशवीत बसायची.

म्हणजे ओळखीचा सगळा भार त्या मधल्या गोल लेबलवर. तिथे पहिला मान कुत्र्याचा. फ्रान्सिस बॅरॉ या इंग्रज चित्रकाराने काढलेलं, कर्ण्यापुढे कान देऊन बसलेल्या निपरचं चित्र ग्रामोफोन कंपनीने १८९९ साली विकत घेतलं आणि पुढे हिंदुस्थानात माल ‘कुत्रा छाप’ म्हणूनच ओळखला गेला. गवई कुणीही असो, वर कुत्रा ठरलेला.

कुत्र्याच्या खाली कलावंताचं नाव, आणि त्या नावाची शेपटी बघण्यासारखी असे. भावगीताच्या आरंभीचे गायक जी. एन. जोशी यांच्या नावापुढे ‘बी.ए., एलएल.बी.’ छापलेलं असायचं. गाण्याचा आणि वकिलीच्या पदवीचा संबंध काय, असं आज वाटेल. पण पांढरपेशा घरातल्या मुलाने रेकॉर्डवर गाणं तेव्हा पचनी पडणारं नव्हतं. पदवी ही ढाल होती. दुसऱ्या कुणाच्या नावापुढे ‘अमॅच्युअर’ लिहिलेलं असे, म्हणजे हे पोटासाठी गात नाहीत हो, असा खुलासा.

या गर्दीत कवी आणि संगीतकार बहुतेक वेळा बाहेरच राहत. सिनेमाच्या रेकॉर्डीवर तर गाणाऱ्याचीही खात्री नसे. १९४९च्या ‘महल’मधल्या लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं गेलं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं!

तिकडे अमेरिकेत कव्हरवर पहिल्यांदा चित्र आलं, ते मात्र गीतकार आणि संगीतकार अशा एका जोडीसाठी. कोलंबिया कंपनीत १९३९ साली अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस हा विशीतला चित्रकार रुजू झाला. तोवर तीन-चार रेकॉर्डी एका पुठ्ठ्याच्या बांधणीत घालून विकत आणि बांधणी हिशेबाच्या वहीसारखी रुक्ष. रिचर्ड रॉजर्स आणि लॉरेन्झ हार्ट यांच्या गाण्यांचा संच निघणार होता. स्टाइनवाइसने न्यूयॉर्कच्या इम्पीरियल थिएटरवाल्यांना गळ घातली, दर्शनी भागावरची दिव्यांच्या झगमगाटातली अक्षरं तासाभरापुरती बदलून घेतली, तिथे या जोडीची नावं लावली आणि फोटो काढवून घेतला. चेहरे नाहीत, नावंच. पुढे १९४८ला एलपी आली, तिच्यासाठी पातळ पुठ्ठ्याचं जाकीटही त्यानेच बसवलं. बारा इंची चौकोन मिळाला आणि चित्रकारांची चंगळ झाली.

आपल्याकडची तशी जोडी पुण्यात जमली, पण रेडिओवर. आणि रेडिओला कव्हर कुठलं? पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झाली. तिथले सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांकडे मालिकेसाठी लकडा लावला आणि १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, गीतरामायण सुरू झालं. गदिमा पुण्यातले, संगीतकार सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, राहायला मुंबईत. वर्षभरात ५६ गीतं झाली. गायचे निरनिराळे लोक: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके, शिवाय स्वतः फडके. आवाज दर आठवड्याला बदले. कायम राहत ती दोन नावं, गीताचं आणि संगीताचं. नव्या गीताचे शब्द वर्तमानपत्रांत छापून येत, म्हणजे लोकांच्या हातात रेकॉर्डच्या आधी कागद होता. तबकडीवर जे कवीला मिळालं नव्हतं ते रेडिओने असं सहज देऊन टाकलं.

यातली बरीचशी गीतं दहा-दहा कडव्यांची. ७८च्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत, तिथे रामकथा दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यालाच अडली असती. एलपीची एक बाजू वीस मिनिटांच्या वर चालते, म्हणून कुत्रा छापवाल्या एचएमव्हीला ते फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात रेकॉर्डीवर आणता आलं. पण ते विकायला कव्हरची मदत लागली असेल असं मला वाटत नाही. गिऱ्हाईक दुकानात शिरायचं तेच ‘गदिमा-बाबूजी’ म्हणत.

मग कॅसेट आली आणि बारा इंची चौकोनाचं चार इंची इनले कार्ड झालं. पुण्यात अलूरकर म्युझिक हाउस, पुढे फाउंटन म्युझिक अशा कंपन्या उभ्या राहिल्या. त्या एवढ्याशा कार्डावर गायकाचा फोटो, गाण्यांची यादी, वादक, ध्वनिमुद्रण, आभार, सगळं कोंबायचं. नेमक्या त्याच काळात, १९८६ला, लंडनच्या पेट शॉप बॉइज या जोडगोळीने मार्क फॅरोकडून पहिल्या एलपीचं कव्हर करून घेतलं: पांढराफटक चौकोन, मधोमध टपालाच्या तिकिटाएवढा दोघांचा फोटो, बस्स. १९९३ला त्यांच्या सीडीची डबी डॅनियल वेलने नारिंगी केली, वर गोल उंचवटे. हात फिरवूनही ओळखू यावी अशी. आमच्याकडे एवढी जागा कोरी सोडली असती तर छापखान्याचे पैसे वाया घालवले म्हणून कुणीतरी नक्की सुनावलं असतं.

कवी संदीप खरे आणि संगीतकार सलील कुलकर्णी या पुणेकर जोडीचा ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम २००३ला रंगमंचावर आला तेव्हा मोठा फरक पडला तो हा, की कवी स्वतःच गायला बसला. त्यामुळे गीतकाराचं नुसतं नाव नव्हे, तोंडही संगीतकाराच्या शेजारी दिसू लागलं. गदिमांच्या वाट्याला हे मंचावर आलं नव्हतं; तिथे पेटीमागे बाबूजीच.

आता मोबाइलवर गीतरामायण लावलं की नखाएवढा चौकोन दिसतो, खाली गाण्याचं नाव आणि गायकाचं. शब्द कुणाचे हे बघायचं तर तीन टिंबांवर बोट ठेवून आत शिरायचं, आणि तिथेही ते लिहिलेलं असेलच असं नाही.