भिन्नरुचि आणि वैदर्भींचा नकार

दोन सुशिक्षित माणसांचा एखाद्या नाटकावरून किंवा गवयावरून वाद जुंपला आणि तो हातघाईवर येण्याचा रंग दिसूं लागला, म्हणजे तिसरा कोणी तरी हलकेच 'भिन्नरुचिर्हि लोकः' असें म्हणतो आणि चहा मागवितो. वाद मिटत नाहीं, पण थांबतो. ह्या चिमुकल्या वचनाचा उपयोग आमच्या समाजांत बहुतेक एवढाच उरला आहे. तें आलें कोठून, त्याचा मूळ प्रसंग कोणता, कोणाची बाजू राखण्यासाठीं तें उच्चारलें गेलें, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. चौकशी केल्यावर आम्हांस तरी असें वाटूं लागलें कीं, आपण हें वचन ज्या कामाला जुंपतों, त्याहून पुष्कळ नाजूक आणि पुष्कळ मोठ्या कामासाठीं तें जन्मास आलें होतें.

रुचिभेद सभ्यपणें कबूल करण्याचीं साधनें मराठींत कांहीं थोडीं नाहींत. 'व्यक्ति तितक्या प्रकृति' आहे. 'पिंडे पिंडे मतिर्भिन्ना' आहे (मूळ सुभाषितांत 'मुंडे मुंडे' असें आहे, तें मराठी तोंडांत पडून 'पिंडे पिंडे' झालें). 'हौसेला मोल नाहीं' आहे, पण त्यांत सभ्यपणापेक्षां शेजाऱ्याच्या खर्चिकपणावरचा शेरा अधिक. 'नावडतीचें मीठ अळणी' ही म्हण मुळींच सभ्य नाहीं, मात्र मर्माची आहे. तेथें निवाडा मिठाचा होत नसून मीठ घालणारीचा होतो, हें ती लपवीत नाहीं. सर्वांत सोज्ज्वळ साधन म्हणींत नाहींच, तें पंगतींत आहे. पाहुण्याला एखादा पदार्थ नको असला, तर तो 'मला आवडत नाहीं' म्हणत नाहीं. 'मला मानवत नाहीं' म्हणतो. दोष पदार्थाचा नाहीं, वाढणारीचा नाहीं, आणि चवीचा तर प्रश्नच नाहीं. बिचाऱ्याच्या पित्ताचा काय तो अपराध! प्रकृति हा शब्द 'व्यक्ति तितक्या प्रकृति' ह्या म्हणींत आला आहे, तो उगीच नव्हे.

भाषेच्या व्याकरणानेंही ह्या कामीं हातभार लावलेला आहे. 'मी लाडू आवडतों' असें आपणांस म्हणतां येत नाहीं. 'मला लाडू आवडतो' असेंच म्हणावें लागतें. कर्ता लाडू, आणि माणूस चतुर्थींत हात जोडून उभा! संस्कृतांतही हीच रीत आहे. रुचणें ह्या अर्थाच्या धातूंच्या योगें ज्याला तें रुचतें तो संप्रदान होतो, असें पाणिनीनें सूत्रच केलें आहे. रुच् ह्या धातूचा मूळ अर्थ तर प्रकाशणें, झळकणें. वस्तु झळकते, ती कोणाच्या डोळ्यांत भरते, कोणाच्या भरत नाहीं. न भरली तर वस्तूनें लाजण्याचें कारण नाहीं आणि डोळ्यांनींही नाहीं.

इतर देशांतील वचनें पाहूं गेल्यास एक गोष्ट ध्यानांत येते. आवडीविषयीं वाद घालूं नये, अशा अर्थाचें जें लॅटिन वाक्य युरोपांत सर्वतोमुखीं आहे, तें रोमन लोकांचें म्हणून सांगतात. परंतु प्राचीन रोमन ग्रंथकारांपैकीं कोणाच्याही लेखनांत तें आढळत नाहीं. तें पुष्कळ मागाहूनचें आहे. खरोखरीच जुनें असें वचन टेरेन्स ह्या नाटककाराचें. त्याचें 'फोर्मिओ' हें नाटक इ. स. पू. १६१ मध्यें रंगभूमीवर आलें. बाप परगांवीं असतां मुलानें लग्न उरकून घेतलें. बाप परत येऊन तीन सल्लागारांना विचारतो. एक म्हणतो, हें लग्न मोडतां येईल. दुसरा म्हणतो, जितकीं माणसें तितकीं मतें, आमच्या मतें तें मोडतां येणार नाहीं. तिसरा म्हणतो, विचार करावा लागेल. बाप त्यांचे आभार मानतो आणि आपण पहिल्यापेक्षां अधिक गोंधळलों असें पुटपुटतो. जपानांत 'तिखट पाल्यावर जगणारे किडेही असतात, ज्याची त्याची आवड' अशा अर्थाची म्हण आहे, आणि जुनिचिरो तानिझाकी ह्या कादंबरीकारानें १९२८-२९ मधील आपल्या एका कादंबरीला त्या म्हणीचेंच नांव दिलें. कादंबरीचा विषय, एकमेकांवरील मन उडालेलें एक जोडपें. रुचिभेदाचीं वचनें लग्नाच्या मांडवाभोंवतीं अशीं घोटाळत राहतात, हें आम्हांस केवळ योगायोगाचें वाटत नाहीं. नाटक आवडलें नाहीं तर फार तर तिकिटाचे पैसे जातात. माणूस आवडलें नाहीं, हें सांगण्याची पाळी आली म्हणजेच सभ्य शब्दांची खरी गरज पडते.

आणि आमचें वचनही मांडवांतलेंच आहे. रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत विदर्भाच्या भोजराजाची बहीण इंदुमती पालखींत बसून स्वयंवरमंडपांत येते. सुनंदा नांवाची चतुर प्रतीहारी तिला एकेका राजासमोर नेते आणि त्याचे गुण वर्णन करून सांगते. पहिला मगधाचा राजा. त्याला इंदुमती कांहीं न बोलतां केवळ एक नमस्कार करून मागें टाकते. दुसरा अंगदेशाचा. ह्याची शिफारस करतांना सुनंदेनें कांहीं शिल्लक ठेवलेलें नाहीं. पराक्रम आहे, नामांकित हत्ती आहेत, आणि सर्वांवर कळस म्हणजे स्वभावतः एकमेकींपासून दूर राहणाऱ्या लक्ष्मी आणि सरस्वती ह्या दोघीही ह्याच्या घरीं एकत्र नांदतात. रूपानें आणि गोड वाणीनें त्यांची तिसरी सोबतीण शोभशील अशी तूंच आहेस, असें ती राजकन्येला सांगते. श्रीमंती आणि विद्या एका घरीं! असें स्थळ चालून आलें, तर आमच्या मध्यम वर्गांतील कोणता पिता दुसऱ्या दिवसापर्यंत थांबेल?

इंदुमतीनें त्याच्यावरची दृष्टि काढली आणि सुनंदेला 'पुढें चल' एवढेंच सांगितलें. आणि येथें कालिदास, जो मगधराजाच्या वेळीं खुलासा देत नाहीं आणि पुढें अवंतिनाथाच्या वेळीं सूर्याची नि कुमुदिनीची उपमा देऊन मोकळा होतो, तो स्वतः मध्यें पडतो. तो म्हणतो, हा राजा हवासा वाटण्याजोगा नव्हता असें नाहीं. आणि नीट पारखून पाहण्याचें तिला कळत नव्हतें असेंही नाहीं. लोकांची आवडच निरनिराळी. ह्या तीन पायऱ्यांपैकीं शेवटची तेवढी आपण उचलली आणि पहिल्या दोन मांडवांतच सोडून आलों. वस्तुतः सारा सभ्यपणा त्या दोन 'नाहीं'मध्यें आहे. पहिल्यानें नाकारलेल्याची अब्रू राखली, दुसऱ्यानें नाकारणारीची बुद्धि राखली. आज कोणी 'भिन्नरुचिर्हि लोकः' म्हणून ओंठांच्या कोपऱ्यांत हंसतो, तेव्हां त्याच्या मनांत बहुधा दुसरा 'नाहीं' गळून पडलेला असतो: 'तुम्हांला कळत नाहीं, पण असो!'

सहाव्या सर्गाचें नशीबच कांहीं असें आहे कीं, बाराव्या शतकांतील श्रीहर्षाच्या नैषधीयचरितांतही ह्याच विषयावरील सर्वांत मार्मिक उक्ति सहाव्या सर्गांतच येते, आणि तीही एका वैदर्भीच्याच मुखीं. दमयंतीला मागणी घालण्यास इंद्राची दूती आली आहे. वर देवांचा राजा, घर स्वर्ग. दमयंतीचें मन नळावर बसलेलें. ती स्वर्गाची निंदा करीत नाहीं. कोंवळा चारा आवडणारा उंटाला हंसतो, कांट्यांना सोकावलेला उंट त्याला हंसतो. परंतु आपापलें आवडतें खात असतां दोघांचा आनंद सारखाच, म्हणून तिऱ्हाइतानें मधल्या मध्यें राहावें, दोघांपैकीं एकाची थट्टा करूं नये, असा तिच्या बोलण्याचा भाव आहे. आमच्या मतें येथें खरी खुबी अशी कीं, उंटाची जागा ती अप्रत्यक्षपणें स्वतःकडे घेते. देवेंद्राला टाकून मर्त्य माणसाला वरणारी आपण कांटे चघळणारी ठरलों तर ठरूं, पण हंसूं नका! कालिदासाचें वचन अधिक डौलदार आहे खरें, पण हें अधिक धीट आहे. तेथें कवीला मध्यें पडावें लागलें, येथें मुलगी स्वतः बोलते.

तिसरी वैदर्भी मालविका. तिच्या नाटकांत गणदास नांवाचा नृत्याचार्य, निरनिराळ्या आवडीच्या लोकांना एकत्र रिझविणारें असें नाट्य हें एकच आहे, असें सांगतो आणि त्यासाठीं भिन्नरुचि हाच शब्द वापरतो. मौज अशी कीं, हें उदार बोलून थोडा वेळ जातो न जातो तोंच तो हरदत्त ह्या दुसऱ्या आचार्याशीं श्रेष्ठपणावरून भांडत राजापुढें येतो, आणि कौशिकी ह्या परिव्राजिकेला निवाडा करण्यास बसवावें लागतें. म्हणजे रुचि निरनिराळी म्हणून पारख व्यर्थ, असें कालिदासाला मुळींच म्हणावयाचें नाहीं. त्याच नाटकाच्या आरंभीं, जुनें तेवढें चांगलें आणि नवें तेवढें टाकाऊ असें न मानतां शहाणे स्वतः पारखून घेतात, असें तो सूत्रधाराकडून बजावून घेतो. कलेंत परीक्षक चालतो. स्वयंवरांत चालत नाहीं. हा भेद त्यानें कोठें शब्दांनीं सांगितला नसला तरी पाळलेला आहे.

विदर्भाची भूमि नाकारण्यांत इतकी कुशल कां, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. वर्धा नदीच्या कांठचें कौंडिण्यपूर आज अमरावती जिल्ह्यांत लहानसें गांव आहे, तें रुक्मिणीचें माहेर म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तिनेंही भावानें ठरविलेला शिशुपाल नाकारलाच होता.

एकोणिसाव्या शतकांत हें वचन पाठशाळेंतून इंग्रजी शाळेंत आलें. शंकर पांडुरंग पंडितांनीं मल्लिनाथाच्या टीकेसह रघुवंश संपादिला, तो मुंबई संस्कृत मालेंत १८६९ ते १८७४ ह्या काळांत निघाला. विद्यापीठाच्या परीक्षांना संस्कृत घेणारीं मुलें सर्गच्या सर्ग घोकूं लागलीं. त्याच घरांत त्यांच्या आठ-दहा वर्षांच्या बहिणींचीं लग्नें मुलीला एक शब्द न विचारतां ठरत होतीं. भाऊ माडीवर इंदुमतीचा नकार अन्वयासह पाठ म्हणतो आहे आणि खालीं बहिणीच्या हळदीची तयारी चालली आहे, हें चित्र कल्पनेंतलें असलें तरी त्या काळच्या शेंकडों घरांत तें खरें असलें पाहिजे.

अशा एका बहिणीनें नकार दिला, तेव्हां काय झालें तें नमूद आहे. रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी ह्यांच्याशीं झालें होतें. त्या नांदावयास गेल्या नाहींत. १८८४ मध्यें नवऱ्यानें मुंबईच्या हायकोर्टांत दावा लाविला. अजाण वयांत आपल्या संमतीवांचून झालेलें लग्न आपल्यावर लादूं नये, अशी रखमाबाईंची भूमिका. १८८५ मध्यें न्यायमूर्ति पिन्ही ह्यांनीं दावा फेटाळला. अपिलांत तो परत पाठविला गेला. १८८७ मध्यें न्यायमूर्ति फॅरन ह्यांनीं, नांदावयास जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगवास, असा निकाल दिला. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. 'केसरी'सह अनेक पत्रें त्यांच्यावर तुटून पडलीं. लिहिणारे बहुतेक संस्कृतज्ञ होते. 'भिन्नरुचिर्हि लोकः' त्यांना ठाऊक नव्हतें असें कोण म्हणेल? पण त्या दोन 'नाहीं'पैकीं एकही त्यांच्या लेखणींतून बाईंच्या वांट्यास आला नाहीं. १८८८ मध्यें तडजोडीनें प्रकरण मिटलें; रखमाबाई इंग्लंडांत जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं वर्षानुवर्षें स्त्रियांची शुश्रूषा केली.

आज मुलीला विचारतात, आणि बऱ्याच घरीं तिचें ऐकतातही. तरी पाहण्याचा कार्यक्रम आणि पोह्यांच्या बशा अजून गेलेल्या नाहींत, आणि नकार कळविण्याची रीत अद्याप ओबडधोबडच आहे. कोणी उत्तरच पाठवीत नाहींत. कोणी रंग, उंची, चष्मा ह्यांची यादी मध्यस्थाकडे देतात आणि ती फिरत फिरत मुलीच्या कानीं जाते. जुन्या पिढींतील माणसें 'पत्रिका जुळत नाहीं' असें कळवीत. तें पुष्कळदां खोटें असे, आणि दोन्हीं घरांना तें ठाऊकही असे. पण त्या खोट्यांत कालिदासाचे दोन्ही 'नाहीं' जपलेले असत. मुलगी वाईट नव्हे, आम्ही आंधळे नव्हे, बिघडलें तें ग्रहांचें! पत्रिकेवर आमचा विश्वास नाहीं, तरी ह्या एका कामापुरती तिची जागा भरून काढील असें सौजन्य आम्हांस अजून दिसलेलें नाहीं.

तथापि सौजन्यानें सर्व भागतें असें कालिदासानेंही मानलेलें नाहीं. सातव्या सर्गांत इंदुमतीचें अजाशीं लग्न लागतें. नाकारलेले राजे वरून हंसतमुख असतात. पाणी नितळ पण तळाशीं मगर दडलेली, अशा डोहांची उपमा कवीनें त्यांना दिली आहे. भोजानें केलेला सत्कार ते भेटीच्या मिषानें त्याचा त्याला परत करतात, निरोप घेतात, आणि अज वधूला घेऊन निघाल्यावर वाट अडवून त्याच्यावर तुटून पडतात. अज संमोहनास्त्रानें त्या सर्वांना निजवितो आणि रक्तानें भिजलेल्या बाणांनीं त्यांच्या ध्वजांवर लिहवितो कीं, तुमचें यश तेवढें नेलें आहे, प्राण दयेनें ठेवले आहेत. लक्ष्मी आणि सरस्वती ज्याच्या घरीं एकत्र नांदत होत्या, तो अंगराज त्या झुंडींत होता किंवा नव्हता, हें मात्र कालिदासानें कोठें सांगितलेलें नाहीं.