समुद्रावर गेलो आणि अंबरनाथ सापडलं

लोकलच्या गर्दीला वैतागून आम्ही अंबरनाथहून चार दिवस काशीदला गेलो. दोन दिवस नुसतं वाळूत लोळलो. तिसऱ्या दिवशी म्हटलं, जवळचं चौल बघून येऊ.

चौल म्हणजे शिलाहारांचं चेमुल्य बंदर. 916 च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसूदी इथे आला, तेव्हा राजा होता झंझ. बंदरात सुमारे 10,000 मुसलमान राहतात, असं त्याने लिहून ठेवलंय. ओमान, बसरा, बगदादकडून आलेलेही त्यात होते!

आणि आपल्या शिवमंदिरातला 1060 चा शिलालेख? तोही याच घराण्यातल्या मुम्मुणीच्या काळातला. म्हणजे आपलं वालधुनीकाठचं गाव या समुद्राच्या राज्यातलंच. मी मात्र ते मंदिर महाशिवरात्रीच्या जत्रेपुरतंच बघितलं. या रविवारी निवांत बघणार. येताय?