बेंजो, भोंगे आणि इक्वलायझर

गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा 'टोन' हा विषय निघाला की जाणकार मंडळी फेंडर, मार्शल, व्हॉक्स अशी नावं घेतात आणि चर्चा थेट अमेरिका-इंग्लंडात जाऊन पोचते. त्यात चूक काही नाही. पण उरण-पनवेलच्या पट्ट्यात ह्याच विषयाचा एक घरगुती इतिहास आहे, आणि गंमत म्हणजे त्यात गिटारच नाही. त्यात आहे बेंजो. हळदीला, पालखीला, नारळी पौर्णिमेला, गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो. सिनेमावाले त्याला 'बँजो' म्हणतात (२०१६ साली रवी जाधवांनी त्याच नावाचा हिंदी सिनेमा काढला, रितेश देशमुख होता त्यात), पण गावात तो बेंजोच.

आता अमेरिकेत ज्याला बँजो म्हणतात ते गोल, कातडं ताणलेलं वाद्य वेगळं. त्याचं आणि आपल्या बेंजोचं नावापलीकडे काही नातं नाही. आपला बेंजो म्हणजे पुस्तकातला बुलबुल तरंग. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर पोलादी तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची. हे वाद्य मूळचं जपानचं. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने ते तयार केलं. त्याच वर्षी जपानात ताइशो राजवट सुरू झाली म्हणून त्याचं नाव पडलं ताइशोगोतो. तिथून ते जहाजांबरोबर आशियाभर फिरलं. बलुचिस्तानात ते 'बेंजू' झालं, केरळच्या मापिळा गाण्यांत 'बुलबुल' झालं, आणि आपल्याकडे बेंजो. संगीत शिकायला गुरू परवडत नाही, पण चाल कानात आहे, अशा माणसासाठी ह्याच्यापेक्षा सोपं वाद्य नाही. कळ दाबली की सूर नेमका लागतो.

अडचण एकच होती. आवाज! पेटी लहान, पोकळी लहान, त्यामुळे आवाजही लहान. ओटीवर बसून वाजवला तर गोड वाटतो, पण बाजूला ढोल आणि ताशा सुरू झाले की वाजवणाऱ्यालाही ऐकू येत नाही.

नेमकी हीच अडचण गिटारची होती, हे लक्षात घ्या. अमेरिकेत १९२० च्या दशकात नाचाच्या बँडमध्ये पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकू येईना, म्हणून तिला वीज जोडायचे प्रयोग झाले. १९३१ साली तयार झालेली रिकनबॅकर कंपनीची 'फ्राइंग पॅन' ही विजेवर चालणाऱ्या गिटारांतली पहिली यशस्वी गिटार. ती उभी धरून वाजवायची नव्हतीच! मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती ती. म्हणजे विजेची गिटार जन्माला आली तेव्हा ती आपल्या बेंजोसारखीच आडवी होती.

युक्तीही तीच. पोलादी तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. ह्याला म्हणतात पिकअप. वरची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत चिमूटभर वीज निर्माण होते. ती वीज मोठी करून स्पीकरला दिली की झालं. बेंजोच्या तारा पोलादाच्या असल्यामुळे गिटारची ही विद्या त्याला जशीच्या तशी लागू पडली. साधा माईक पुढे ठेवला असता तर त्यात ताशाही शिरला असता, आणि भोंगा जवळ आल्यावर शिट्टी वाजली असती ती वेगळीच.

हे काम करणारी माणसं तिकडेही कारखानदार नव्हती. लिओ फेंडरने १९३८ साली कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी काढलं ते रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. जिम मार्शल हा लंडनचा ड्रम शिकवणारा माणूस, वाद्यांचं दुकान चालवायचा. १९६२ च्या सुमारास त्याच्या दुकानातल्या कारागिरांनी फेंडरचा 'बेसमन' अ‍ॅम्प्लिफायर समोर ठेवून आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर बांधला. जगातला सगळा 'टोन' असा दुरुस्तीच्या टेबलावर, एकाचं बघून दुसऱ्याने केलेला आहे. मुंबईला लॅमिंग्टन रोड आहे, तिथे सुट्या भागांची दुकानं आहेत. उरणकरांना भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणारी लाँच होती. २एन३०५५ नावाचा जाडजूड ट्रान्झिस्टर हा आपल्याकडच्या कितीतरी अ‍ॅम्प्लिफायरांचा बैल. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला ह्यातलं काहीच परकं नव्हतं.

तर आवाज मोठा झाला. पण मोठा झाला म्हणजे चांगला झाला असं नाही, आणि इथेच इक्वलायझरची गोष्ट सुरू होते.

'इक्वलायझर' हा शब्द आला टेलिफोनवाल्यांकडून. लांब तारेतून बोलणं पाठवलं की वरच्या पट्टीतले स्वर खालच्यांपेक्षा जास्त झिजतात आणि पलीकडचा माणूस घोंगडीतून बोलल्यासारखा वाटतो. जेवढी झीज झाली तेवढी भरून काढून सगळ्यांना पुन्हा समान करायचं, म्हणून इक्वलायझर. पुढे तो सिनेमात आला, रेडिओत आला. १९५२ साली पीटर बॅक्सांडल ह्या इंग्रज इंजिनिअरने 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात बास आणि ट्रेबलच्या दोन बटणांचं एक सर्किट छापलं, ते जगभरच्या अ‍ॅम्प्लिफायरांत जाऊन बसलं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे उभ्या सरकपट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर. घरच्या म्युझिक सिस्टिमवर तुम्ही तो पाहिला असेल.

त्या सरकपट्ट्यांची आपल्याकडे एक ठराविक मांडणी असते. दोन्ही टोकं वर, मधलं खाली. हसऱ्या तोंडासारखी. घरात हळू आवाजात ती छान वाटते, आणि त्याला कारण आहे. आवाज कमी असताना आपल्या कानाला खालचे आणि फार वरचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवलं होतं. हसरी मांडणी ती तूट भरून काढते. पण तीच मांडणी घेऊन मिरवणुकीत उतरलात तर बेंजो गायब! कारण तळाला ढोल बसलेला आहे आणि टोकाला ताशा कडाडतो आहे. चाल राहते ती मधल्या घरात, साधारण ५०० ते ३,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात, आणि तेच घर आपण रिकामं केलेलं असतं. रॉक बँडमधल्या गिटारवाल्यांनाही हा धडा शिकावा लागतो. खोलीत एकट्याने जुळवलेला सुंदर टोन बँडमध्ये हरवून जातो.

भोंग्याची तऱ्हा आणखी वेगळी. पत्र्याचा भोंगा हा स्वतःच एक इक्वलायझर आहे. खालचे स्वर त्याला काढताच येत नाहीत, त्यामुळे बास कितीही वाढवा, अ‍ॅम्प्लिफायर तापण्यापलीकडे काही होत नाही. मधले स्वर मात्र तो टोचतील असे फेकतो. बेंजोत आणखी एक भानगड असते, ती कळांच्या खटखटीची. ती वरच्या पट्टीत येते. म्हणून बेंजोचा टोन जमवणं म्हणजे मुख्यतः काय काढून टाकायचं ते ठरवणं. खटखट थोडी खाली, गुरगुर थोडी खाली, जिथे शिट्टी वाजते तो पट्टा खाली, आणि मधली चाल मोकळी. पट्टी वर ढकलणं सोपं, पण वर ढकललेल्या प्रत्येक पट्टीबरोबर गोंगाटही वर येतो.

आता एनहान्सरबद्दल. इक्वलायझर जे मुळात आहे तेच कमी-जास्त करतो. एनहान्सर मुळात नसलेलं थोडं तयार करतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅफेक्स कंपनीचा 'ऑरल एक्सायटर' आला. तो मूळ सुरातून वरचे नवे उपस्वर बनवून त्यात हलकेच मिसळायचा, आणि गाणं एकदम समोर आल्यासारखं वाटायचं. सुरुवातीला हे यंत्र विकत मिळत नसे. तयार गाण्याच्या दर मिनिटाला ३० डॉलर भाडं होतं म्हणे! आज तेच काम करणारी पेडलं आणि प्रोसेसर बेंजोवाल्यांच्या पायाशीही दिसतात. इको तर हवाच. एका सुराचे तीन सूर होऊन परत येतात आणि एवढीशी पेटी रस्ताभर पसरते.

इथपर्यंत ही गोष्ट मला फार आवडते. ज्याचा आवाज लहान होता त्याला तो मिळाला. सिडको (१९७०) आली, जमिनी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत जासई-पागोट्याला गोळीबार होऊन पाच माणसं गेली, १९८९ साली जेएनपीटी सुरू झालं. ह्या सगळ्या उलथापालथीत आगरी-कोळी हळदीतला बेंजो वाजत राहिला.

पण पुढचं पानही वाचायला हवं. बेंजोच्या जागी हळूहळू डीजेच्या भिंती आल्या, आणि त्यांच्याशी बरोबरी करायला बेंजोवाल्यांनीही आवाज चढवला. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली, रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद ठेवायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली त्यावर कडक शब्दांत निकाल दिला. कायदा शेजाऱ्यांच्या कानांसाठी आहे, पण वादकाच्या कानाचं काय? मोठ्या आवाजाने जो बहिरेपणा येतो तो आधी ४,००० हर्ट्‌झच्या आसपास येतो. म्हणजे वर्षानुवर्षं भोंग्याजवळ बसलेल्या माणसाला नेमकी तीच पट्टी कमी ऐकू येऊ लागते. मग त्याला आवाज बोथट वाटतो, आणि तो ट्रेबल आणखी वर करतो. त्याचा टोन बिघडत नसतो, कान बिघडत असतो, आणि हे त्याला सांगणारं कोणतंही बटण त्या यंत्रावर नाही.

आणखी एक आवाज ह्या सगळ्यात बुडाला. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते. तिला पिकअप नाही, अ‍ॅम्प्लिफायर नाही. तिच्या गाण्याशिवाय पूर्वी लग्न लागत नसे. बाहेर भिंतीएवढे स्पीकर लागले की मांडवातल्या त्या म्हाताऱ्या गळ्याचं काय होणार, हे सांगायला नको. एकेकाळी ढोलाखाली दबलेल्या बेंजोला आपण वीज देऊन बाहेर काढलं, आणि त्याच विजेखाली आता दुसरं कुणी दबलं आहे.

२०२४ च्या जानेवारीत उरणला रेल्वे आली, त्याच दिवशी अटल सेतूही सुरू झाला. आता लॅमिंग्टन रोडला जायला भरतीओहोटीची वाट पाहावी लागत नाही, आणि हवं ते यंत्र घरपोच मिळतं. यंत्रांची कमतरता राहिलेली नाही. राहिला आहे तो त्या नावाचा अर्थ. इक्वलायझर म्हणजे समान करणारा. सगळ्या पट्ट्या वर ढकलून समानता येत नसते. चांगला बेंजोवाला कुठली पट्टी खाली घ्यायची ते जाणतो. धवले सुरू असताना तेवढा वेळ सगळ्याच पट्ट्या खाली घ्यायला काय हरकत आहे?